तोटी नसलेले नळ

आमच्या व्हर्जिनियातल्या हर्नडनला उन्हाळा सांगून येत नाही. परवापर्यंत सकाळी जॅकेट लागत असतं आणि एका दुपारी ऑफिसमधून बाहेर पडून पार्किंगमध्ये पाय ठेवावा, तर डांबर मऊ लागतं, गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं आणि घराजवळच्या पूलकडून क्लोरीनचा वास यायला लागतो. माझी मुलगी यशो यंदा त्या पूलवर लाइफगार्ड आहे. दिवसभर उंच खुर्चीवर बसून ती लोकांच्या पोरांवर शिट्ट्या मारते आणि संध्याकाळी भाजलेल्या खांद्यांनी घरी येऊन थेट फ्रिजपाशी उभी राहते. ओट्यावर एक स्टीलचा पेला असतो. तो भरून ती घटाघटा पाणी पिते, पुन्हा भरते, पुन्हा पिते. पेल्याच्या बुडाला पोचा आलाय आणि कडेला टिंबटिंब ठोकून नाव घातलंय: शा. ना. मेश्राम. हे माझे बाबा.

त्या पेल्यात पाणी पडतानाचा आवाज आला की मला रोम आठवतं. लोकांना रोम म्हटलं की कोलोझियम आठवतं, पिझ्झा आठवतो, पाकीटमार आठवतात. मला पाण्याचा आवाज आठवतो. गल्लीच्या तोंडाशी, चौकाच्या कडेला, चर्चच्या सावलीत, कुठंही बारीकशी धार दगडावर पडत असायची, आणि त्या उन्हात आम्ही तिघं एका धारेपासून दुसऱ्या धारेपर्यंत चालत असायचो. बाकीचं सगळं त्या आवाजाच्या मागे पुसट झालंय.

त्या वर्षी यशो पाचवी संपवून सहावीत जाणार होती. आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे येऊन राहिले होते. नागपूरला परतायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, एकटं सरळ पाठवण्यापेक्षा वाटेत कुठं तरी थोडं फिरू. कुठं, असं विचारलं तर बाबा क्षणभरही न थांबता म्हणाले, रोम. त्यांनी जन्मभर वर्धा जिल्ह्यातल्या शाळांमधून इतिहास शिकवला. पुस्तकात कोलोझियमचं एक बोटभर चित्र असायचं, तेही शाई फिसकटलेलं. लहानपणी मला ते फुटक्या कणगीसारखं दिसायचं. त्या चित्रावर बोट ठेवून बाबा रोमन साम्राज्य असं काही शिकवत, की मागच्या बाकावरची पोरंही ऐकत बसायची. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला सुट्टी मिळेना, म्हणून आम्ही तिघंच निघालो. रोममध्ये आठवडाभर राहायचं, मग बाबांनी भारताचं विमान धरायचं आणि आम्ही दोघींनी परत घराजवळच्या डलस विमानतळावर यायचं, असं ठरलं.

ठरवताना मी तिकिटांचं आणि हॉटेलांचं बघत होते, पण मनात वेगळंच चाललं होतं. बाबांचं वय झालं होतं. एवढा प्रवास ते पुन्हा करतील असं वाटत नव्हतं. यशोचं मराठी तर दरवर्षी थोडं थोडं विरघळत होतं. तिला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. आणि एक गोष्ट होती, जी बाबांनी कोणालाच सांगितली नव्हती. मलाही नाही.

ती मला अर्धीमुर्धी माहीत होती, ती आत्यामुळे. मी कॉलेजात असताना एकदा तांदूळ निवडता निवडता आत्या बोलून गेली होती की, त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीला आपल्या लोकांनी शिवायचं नसायचं. तहान लागली की विहिरीपासून लांब बसायचं, ओंजळ धरायची, आणि कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. मी विचारलं, बाबा पण? आत्यानं सुपातून मान वर काढली नाही. म्हणाली, "त्याले विचारू नको. त्याले सांगायचं असन तवा तो सांगीन."

मग मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून पेला दिसायला लागला. आधीही तो होताच. बाबांनी पहिल्या पगारातून वर्ध्याच्या बाजारात घेतलेला, नाव घालून आणलेला. ते कुठंही निघाले की खांद्याच्या कापडी पिशवीत पेला असायचा. लग्नात, सभेत, बसस्टँडवर, शाळेच्या सहलीत. बाटलीतून कोणी वरून घोट घेतला की बाबा नजर दुसरीकडे वळवायचे. ओंजळीनं पाणी पिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, नदीवरसुद्धा नाही. यशोनं एकदा विचारलंच होतं, आजोबा तो ग्लास घेऊन का फिरतात. मी म्हटलं, आजोबांना विचार. तिनं विचारलं. बाबा म्हणाले, "सवय."

ही गोष्ट मीही सांगू शकले असते तिला. पण माझ्याकडे होती ती ऐकीव. ऐकीव गोष्ट दुसऱ्याला दिली की ती आणखी ऐकीव होते, आणि यशोच्या मुलांपर्यंत पोचेस्तोवर तिचा नुसता धडा झाला असता. ती बाबांच्या तोंडून यायला हवी होती. आणि त्यासाठी हातात उरला होता एक आठवडा, तोही परक्या गावात, मरणाच्या उन्हात.

डलस विमानतळावर तपासणीत पेला अडला. तिथल्या माणसानं तो पिशवीतून काढला, उलटा केला, आत डोकावला, बुडावर टिचकी मारली. बाबा शांतपणे बघत होते. शेवटी त्या माणसानं विचारलं, हे काय आहे, आणि यशो म्हणाली, "इट्स जस्ट अ ग्लास." बाबांनी तो परत घेतला, रुमालानं पुसला आणि पिशवीत ठेवला.

रोममध्ये पहिल्या सकाळी हॉटेलमधून निघालो आणि पहिल्याच कोपऱ्यावर थांबलो. तिथं एक लोखंडी खांब होता, कमरेएवढा, आणि त्याच्या नाकासारख्या वाकड्या नळीतून पाणी वाहत होतं. खाली जाळी, पाणी सरळ गटारात. बाबांचा चेहरा पडला. म्हणाले, कोणी तरी नळ चालू ठेवून गेलंय. आणि ते तोटी शोधायला लागले. पुढून पाहिलं, मागून हात फिरवला, वाकून खालूनही पाहिलं. तोटी नव्हतीच. मेमध्ये नागपूरला दिवसाआड नळ येतो, आणि टँकर आला की बादल्यांची रांग लागते. त्या गावचा माणूस असं वाहतं पाणी टाकून पुढं कसा जाईल? मी म्हटलं, बाबा, चला, आपली कोलोझियमची वेळ ठरलेली आहे. ते म्हणाले, आधी नगरपालिकेचा नंबर शोध.

शेजारी एक फुलं विकणारी बाई होती. तिला आमची भाषा येत नव्हती, आम्हाला तिची, पण हा प्रकार तिला लगेच कळला. ती हसत हसत आली, आपली बादली त्या धारेखाली धरली, आणि दोन्ही हात हवेत फिरवून सांगितलं की हे असंच आहे, नेहमी असंच. बाबांनी ते ऐकून घेतलं, पण पटलेलं दिसलं नाही. पुढच्या कोपऱ्यावर तसाच दुसरा नळ होता. त्याच्या पुढच्या चौकात आणखी एक. दुपारपर्यंत बाबा रडकुंडीला आले होते, आणि यशो प्रत्येक नळापाशी गंभीर चेहऱ्यानं विचारत होती, "आजोबा, नगरपालिकेला कॉल करू?"

रात्री जेवताना मी फोनवर वाचून दाखवलं की डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी जमिनीखालून शहरात आणायची इथली रीत फार जुनी आहे, पाणी वाहतं राहावं म्हणूनच नळांना तोटी ठेवत नाहीत, आणि ते सगळ्यांसाठी आहे. बाबा म्हणाले, "जलवाहिन्यांचं तर मीच शिकवायचो. पण सगळ्यांसाठी म्हणजे कोणाकोणासाठी, ते पुस्तकात नव्हतं." आणि भाताचे चार घास सोडून त्यांनी पानातलं बाकीचं सगळं यशोकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र ते बदलले. नळ दिसला की पिशवीतून पेला निघायचा, भरायचा, उभ्या उभ्या पाणी प्यायचे, पेला झटकून परत पिशवीत. हे गोड आहे, म्हणायचे. हे जरा जड. याला लोखंडाची चव आहे. विहिरींची पारख असलेला माणूस जसं बोलतो तसं बोलायचे. मी तिकिटं काढलेली सगळी ठिकाणं त्यांनी पाहिली, पण मनानं ते एका नळापासून दुसऱ्या नळाकडे चालले होते. मला सुरुवातीला राग यायचा. मी वेळापत्रकवाली बाई आहे. घरात माझ्या कॅलेंडरवाचून कुकरची शिट्टीही होत नाही. तिसऱ्या दिवशी मी माझं वेळापत्रक बॅगेच्या तळाशी टाकलं आणि त्या दोघांच्या मागं चालायला लागले.

कोलोझियम मात्र बाबांनी मन लावून पाहिलं. आत गेल्यावर ते कठड्याला हात टेकून बराच वेळ उभे राहिले. खाली रिंगणाची उघडी पडलेली तळघरं, वर एकावर एक चढत गेलेले कमानींचे मजले, दगड तापून पिवळा पडलेला. आमच्या शेजारी एका गाइडनं सांगितलं की सगळ्यात खाली, जवळून दिसेल तिथं, मानाची माणसं बसायची, आणि जसजसं वर जावं तसतशी हलकी. गुलाम आणि बाया सगळ्यात वर. मी ते बाबांना मराठीत सांगितलं. बाबा वर बघत राहिले, त्या पडक्या शेवटच्या मजल्याकडे. म्हणाले, "म्हणजे इथंही कोणी कुठं बसायचं, हे जन्माआधीच ठरलेलं." मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी पिशवी खांद्यावर नीट केली आणि विचारलं, यशोला भूक लागली असेल ना.

पँथिऑनमध्ये बाबा बसूनच राहिले. बाबा देवळात जात नाहीत. आम्ही बौद्ध, आणि देवळांचा हिशेब त्यांनी तरुणपणीच मिटवून टाकला होता. पण हे देऊळही होऊन गेलंय आणि आता चर्च आहे, आणि त्याच्या घुमटाला मधोमध एक मोठं गोल भोक आहे, उघडं. त्यातून आभाळ दिसतं. उन्हाचा एक गोल कवडसा भिंतीवर पडतो आणि दिवसभर सरकत राहतो. यशोनं विचारलं, पाऊस आला तर? बाबांनी तिला फरशी दाखवली. मधल्या फरशीला बारीक भोकं होती, पाणी निघून जायला. दोघं फरशीवर वाकून ती भोकं बघत होते आणि मी त्या कवडशाकडे बघत बसले होते. किती वेळ गेला, माहीत नाही. कवडसा एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेला होता.

त्या आठवड्याच्या दुपारी अजून माझ्या अंगात आहेत. जेवून आलो की खिडक्यांची लाकडी झापडं ओढून घ्यायची, खोली गार आणि काळोखी करायची आणि पडायचं. झापडांच्या फटींतून उन्हाच्या रेघा यायच्या. बाहेर पाकोळ्यांचे थवे किंचाळत घिरट्या घालायचे. खालच्या गल्लीतल्या नळाचा आवाज सारखा चालू. अर्धवट झोपेत मला कळायचं नाही मी कुठं आहे. वर्ध्याच्या भाड्याच्या घरात वाळ्याच्या पडद्यावर आई पाणी मारतेय, असं वाटायचं. हर्नडनला मागच्या अंगणात मिलिंदनं स्प्रिंकलर चालू केलाय, असं वाटायचं. कूस बदलली की पलीकडच्या पलंगावर बाबा जागे दिसायचे. छताकडे बघत, ऐकत. मला विचारायचं असायचं, काय ऐकताय? पण झोप यायची.

आताही तसंच होतं. परवा दुपारी घरून काम करत होते, मीटिंग चालू होती, आणि बाहेर शेजाऱ्यांनी गाडी धुवायला पाइप लावला. कॅमेरा बंद करून मी डोळे मिटले, तर ती खोली आली, त्या रेघा आल्या. कोणी तरी माझं नाव दोनदा घेतलं तेव्हा भानावर आले.

शेवटच्या दिवशी आम्ही कुठलंच तिकीट काढलं नव्हतं. संध्याकाळी नदी ओलांडून पलीकडच्या जुन्या वस्तीत गेलो. भिंती गेरूच्या आणि हळदीच्या रंगाच्या, खिडक्यांवर वाळत घातलेले कपडे, पायाखाली काळ्या दगडाचे छोटे छोटे ठोकळे. बाबांनी वाकून एकाला हात लावला आणि यशोला म्हणाले, हा आपल्याकडचाच दगड, तुझ्या आजोबांच्या गावचा. एका चिमुकल्या चौकात दगडी बाक होता, झाडाची सावली होती आणि नळ होता. आम्ही बाकावर बसलो. सकाळी त्यांचं विमान होतं. सात दिवस गेले होते आणि बाबा काही बोलले नव्हते. मी मनातल्या मनात ते सोडून दिलं. आत्या म्हणाली होती, सांगायचं असेल तेव्हा सांगेल. नसेल सांगायचं, तर तोही त्यांचा अधिकार.

यशोला बसवेना. ती नळाशी खेळायला गेली. त्या नळांच्या वाकड्या नळीला वरच्या बाजूनं एक बारीक भोक असतं. आठवडाभर आम्ही ते पाहूनही पाहिलं नव्हतं. यशोनं नळीच्या तोंडावर बोट दाबलं, आणि धार वरच्या भोकातून कारंज्यासारखी उडाली. ती ओरडली, "आई, लुक, इट्स लाइक स्कूल!" तिच्या शाळेच्या कॉरिडॉरमध्ये तसलेच नळ आहेत, बटण दाबलं की पाणी वर उसळतं आणि तोंड लावून प्यायचं. ती वाकून प्यायली, तिचे केस भिजले, शर्ट भिजला. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही ट्राय करा. विदाउट द ग्लास."

मी म्हटलं, "यशो, राहू दे."

पण बाबा त्या धारेकडे बघत होते. ऊन उतरलं होतं आणि त्या वर उडणाऱ्या पाण्यात थोडा उजेड होता. बाबा म्हणाले, "इथं पाणी खालून वर येतं." मग म्हणाले, "आमच्याकडं वरून यायचं."

यशोनं बोट काढलं. ती त्यांच्यापाशी येऊन बसली, ओलीच्या ओली. आणि बाबा सांगायला लागले. सावकाश, सोप्या मराठीत, वर्गात सांगत तसं. गाव सांगितलं, विहीर सांगितली, विहिरीच्या किती लांब बसायचं ते हातानं दाखवलं. मग ओंजळ करून दाखवली. मी माझ्या बापाची ओंजळ आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

यशो त्यांच्या हातांकडे बघत होती. त्या वर्षी शाळेत तिच्या वर्गाला शिकवलं होतं की आमच्याच व्हर्जिनियात एके काळी गोऱ्यांचे नळ वेगळे आणि काळ्यांचे वेगळे असायचे, वर पाट्या लावलेले. तिनं विचारलं, "लाइक दोज फाउंटन्स? तिथं साइन होती?"

"पाटी कशाले पाहिजे," बाबा म्हणाले. "साऱ्यायले माहीत होतं."

बाबा माझ्याशी, यशोशी नेहमी शाळेतलं मराठी बोलायचे. त्या संध्याकाळी ते कधी गावच्या बोलीत शिरले, त्यांना कळलं नाही.

पाणी कोण ओतायचं, तिनं विचारलं. बाबा म्हणाले, कमल नावाची मुलगी होती, पाटलाच्या घरची, त्यांच्याच वर्गातली. ती आत बसायची, बाबा दाराशी. शाळा सुटली की तिची आई तिला विहिरीवर पाठवायची, आणि येता-जाता बाबांना पाणी घालायचं काम तिच्यावर पडायचं. कळशी उंच धरायची, हातांना लागू द्यायची नाही. तिचे हात भरून यायचे, मग धार हलायची आणि यांचा सदरा भिजायचा. "वाईट नव्हती पोरगी," बाबा म्हणाले. "तिले तसं शिकवलं होतं, मले असं. आमी बोलत नव्हतो. तोंडात पानी असलं का पुरे म्हनता येत नाही. मान हालवाची. तिनं पाह्यलं तर थांबे. नाही पाह्यलं, तर नाकात पानी."

पाणी खाली पडत होतं, त्याचाच आवाज. मला रडू येत होतं आणि मी चष्मा पुसत होते. मग यशोनं विचारलं, "अँड इफ यू वॉन्टेड मोअर?"

बाबांना साधं इंग्रजी कळायचं. तरी ते माझ्याकडे वळले. मी मराठीत सांगितलं, आणखी हवं असेल तर, विचारतेय.

"ते कधी मांगतलं नाही," बाबा म्हणाले.

मग ते एकदम हसले, स्वतःशीच. म्हणाले, महाडला गेले होते एकदा, तळ्यावर. ज्या पाण्यासाठी आपल्या माणसांनी मार खाल्ला, ते पाणी लोक ओंजळीओंजळीनं पीत होते, डोळ्यांना लावत होते. बाबांनी तिथंही पेला काढला. "समजत होतं," ते म्हणाले. "डोक्याले समजत होतं. हातच पुढं नाही झाले."

यशो उठली. नळाशी गेली आणि नळीच्या तोंडावर बोट दाबून उभी राहिली. धार वर उडाली. बाबांनी पिशवी खांद्यावरून काढली, बाकावर ठेवली, माझ्या शेजारी. पेला आत होता, मला त्याचा आवाज आला. ते चालत गेले, सावकाश, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, आणि तोंड धारेला लावलं. हात गुडघ्यांवरच होते. पाणी त्यांच्या मिशीवरून, हनुवटीवरून ओघळत होतं. समोरच्या खिडकीतली एक म्हातारी दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता थांबून बघत होती. यशोचं बोट गारठून लाल झालं होतं, पण तिनं ते हलवलं नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर बाबांनी पिशवीतून पेला काढून यशोच्या हातात दिला. म्हणाले, बॅग फार जड झाली. त्यांची बॅग एवढी हलकी होती की मी ती एका हातानं उचलत होते. यशोनं पेला बॅकपॅकमध्ये ठेवला, टीशर्टात गुंडाळून. बाबा आत गेले. वळून हात केला आणि गर्दीत दिसेनासे झाले.

घरी आल्यावर मी तो पेला दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात ठेवला होता, बुद्धाच्या मूर्तीशेजारी. व्हिडिओ कॉलवर बाबांना तो मागं दिसला. ते म्हणाले, "दाखवायची वस्तू आहे का ती? पाणी प्यायची आहे." यशोनं त्याच मिनिटाला तो काढला. तेव्हापासून तो ओट्यावर असतो. तिच्या मैत्रिणी येतात, कोणीही त्यात पाणी पितं. परवा कोणी तरी त्यात रंगाचे ब्रश बुडवून ठेवले होते, तेव्हा मात्र मी ओरडले.

बाबा आता प्रवास करत नाहीत. नागपूरला माझ्या भावाकडे असतात, आणि रविवारी फोनवर त्यांचं आणि यशोचं काय काय चालतं, त्यात मला घेत नाहीत. तिचं मराठी सुधारलंय असं म्हणवत नाही. ते वऱ्हाडी झालंय. पूलवरून आली की म्हणते, "लय तहान लागली." मी पुण्यात शिकलेली बाई, तिला सुधारायला जाते, आणि मग जात नाही.

काल ती पाणी पीत होती, दुसऱ्यांदा पेला भरत होती, आणि एकदम म्हणाली, "आई, यू रिमेंबर काय म्हणाले होते आजोबा? त्या फाउंटनवर?"

मला आठवत होतं. त्या चौकात, वाकलेल्या बाबांनी मान वर केली, तोंड पुसलं आणि मोठ्यानं म्हणाले, "पुरे." सगळ्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. यशोनं बोट काढलं. पाणी पुन्हा खाली वाहायला लागलं. ती हात झटकत बाकाकडे यायला निघाली. बाबा तिथंच उभे होते, गुडघ्यांवर हात, ओल्या मिशा. आभाळात पाकोळ्या फिरत होत्या. मग त्यांनी तिला हाक मारली.

"यशो," ते म्हणाले, "आणखी दे."